रेडिओ सर्व्हे तीन आठवड्यांवर आणि ईपर्बची बॅटरी संपलेली: काय करावं?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही भारतीय झेंड्याच्या एका बल्क कॅरिअरवर सेकंड ऑफिसर आहात आणि जीएमडीएसएसची (जहाजाच्या आपत्कालीन रेडिओ यंत्रणेची) जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आली आहे. इंडोनेशियाहून कोळसा घेऊन तीन आठवड्यांत जयगडला लागणार, तिथेच वार्षिक रेडिओ सर्व्हे ठरलाय. आधीच्या ऑफिसरने सांगितलं की गेल्या वेळी टेक्निशियन आला, चहा प्यायला आणि पाऊण तासात सही करून गेला. इकडे ईपर्बच्या (जहाज बुडालं की उपग्रहाला आपोआप हाक देणाऱ्या संचाच्या) बॅटरीची तारीख उलटून दोन महिने झालेत. कॅप्टन म्हणतात, ‘तूच बघ’. तर सर्व्हेत नक्की काय बघतात, जहाज अडवू शकतात का, आणि ईपर्बचं काही ‘मॅनेज’ होईल का, असं तुम्ही विचारताय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. मॅनेज होणार नाही. हे वाचून झालं की कॅप्टनच्या परवानगीने ऑफिसला मेल टाका. कारणं पुढे सांगतो.

मी १९८७ साली रेडिओ ऑफिसर म्हणून बोटीवर चढलो. खलाशी आम्हाला ‘मार्कोनी साब’ म्हणायचे. आमच्या रेडिओ रूममधल्या घड्याळाच्या तबकडीवर लाल आणि हिरव्या फाका रंगवलेल्या असत. तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, सगळ्यांनी गप्प बसून ५०० किलोहर्ट्झवर कान द्यायचा. १ फेब्रुवारी १९९९ ला जीएमडीएसएस पूर्ण लागू झालं आणि आमची जात संपली. तेव्हापासून मुंबईत राहून जहाजांचे रेडिओ तपासतोय. हे सांगायचं कारण एवढंच की मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय.

आता मुद्द्याचं बोलू. ‘सर्व्हेअर काय बघतो’ याची यादी इंटरनेटवर ढीगभर सापडेल. पण त्याला जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच: रात्री दोन वाजता इंजिनरूममध्ये पाणी शिरलं, जनरेटर बसला, ब्रिजवर अंधार झाला, तर या जहाजातून हाक बाहेर जाईल का, आणि ती कोणाची हाक आहे ते किनाऱ्यावर बरोबर कळेल का? इतक्या वर्षांत मी सेट स्वतः बिघडलेला फार कमी वेळा पाहिला. जपानी आणि डॅनिश सेट वर्षानुवर्षं चालतात. गोची होते ती बॅटऱ्यांची, तारखांची, आत भरलेल्या नंबरांची आणि सेटसमोर उभ्या असलेल्या माणसाची. म्हणून मी तयारीचा क्रमही तोच सांगणार आहे.

तुमच्या जहाजाला नक्की काय लागू आहे, हे मी इथून सांगू शकत नाही. ते झेंड्यावर, सर्टिफिकेटमध्ये कुठला सी एरिया (किनाऱ्यापासून किती लांब जायचं त्याचा पट्टा) लिहिलाय त्यावर आणि उपकरणं कधी बसवली त्यावर ठरतं. देखभालीसाठी कोणती पद्धत निवडली आहे हेही बघावं लागतं. ए-३ मध्ये, म्हणजे किनाऱ्याच्या रेडिओच्या पल्ल्यापलीकडच्या समुद्रात, जाणाऱ्या जहाजाला तीनपैकी दोन पद्धती लागतात: उपकरणं दुहेरी ठेवणं, किनाऱ्यावरून देखभालीचा करार, किंवा जहाजावरच दुरुस्ती करू शकणारा माणूस. बहुतेक जण पहिल्या दोन घेतात. हे सगळं सेफ्टी रेडिओ सर्टिफिकेटला जोडलेल्या ‘फॉर्म आर’मध्ये लिहिलेलं असतं. तो कागद हातात घेऊन ब्रिजवर फिरा आणि लिहिलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांनी पाहा. कागदावर सॅट-सी (उपग्रहामार्फत संदेश पाठवणारा संच) दोन आणि टेबलावर एक, असंही मी पाहिलंय. शिवाय १ जानेवारी २०२४ पासून सोलासचं (समुद्रातल्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) चौथं प्रकरण बदललं, प्रमाणपत्रांचे नमुनेही बदलले. तुमचा फॉर्म जुना असेल तर त्याबद्दल क्लासला (जहाजं तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेला) आधीच विचारून ठेवा.

मुदतीचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. रेडिओ सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं, पण दरवर्षी त्यावर शेरा पडावा लागतो. वर्धापन तारखेच्या तीन महिने आधीपासून तीन महिने नंतरपर्यंत कधीही सर्व्हे चालतो. ही खिडकी उलटली की सर्टिफिकेट निर्जीव, वर तारीख २०२८ ची का असेना. म्हणून ‘जयगडला नाही जमलं तर पुढच्या बंदरात करू’ हा हिशेब करायचा असेल तर खिडकीत किती दिवस उरलेत ते आजच मोजा.

येणार कोण, तेही बघा. साधारणपणे क्लासने मान्यता दिलेल्या कंपनीचा रेडिओ टेक्निशियन मोजमापं घेतो, अहवाल लिहितो, आणि त्या आधारावर सर्व्हेअर सर्टिफिकेटवर शेरा मारतो. कधी सर्व्हेअर सोबत असतो, कधी संध्याकाळी येतो. पाऊण तासात सही झाली म्हणता, तर खरं सांगतो, पाऊण तासात फक्त बॅटऱ्या आणि ईपर्बसुद्धा नीट होत नाहीत. सगळं जागच्या जागी असेल तरी मला चार तास लागतात. पाऊण तासवाले आमच्या धंद्यात आहेत, नाकारत नाही. पण त्यांची सही पुढच्या बंदरात पोर्ट स्टेटचा, म्हणजे त्या बंदराच्या देशाचा, तपासणारा माणूस आल्यावर तुमचं रक्षण करत नाही. तो त्या अहवालातला आकडा बघतो आणि स्वतः बटण दाबतो.

आता बॅटऱ्या. इथे जरा थांबतो, कारण मी सर्वांत जास्त जहाजं इथेच अडलेली पाहिली आहेत.

रेडिओच्या राखीव बॅटऱ्या बहुतेक वेळा मंकी आयलंडवर (ब्रिजच्या छतावर) किंवा ब्रिजमागच्या डेकवर पेटीत असतात. वर ऊन, आत आम्ल, आणि वर्षभर तिकडे कोणी फिरकत नाही. चार्जरवर व्होल्टेज बघून सगळे खूश असतात. चार्जर चालू असताना दिसणारं व्होल्टेज चार्जरचं असतं, बॅटरीचं नव्हे. एका जहाजावर चार्जर बंद केला, मीटर २६.४ दाखवत होता. ‘बघा साब, मस्त आहे,’ असं तिथला बत्तीसाब म्हणाला. मी एमएफचा (मध्यम लहरींचा) सेट २ मेगाहर्ट्झवर नेला आणि मायक्रोफोनचं बटण दाबलं. काटा २१.५ वर आला, सेटने एकदा ‘टीं’ केलं आणि बंद पडला. बॅटऱ्यांच्या झाकणांच्या आत पाण्याची पातळी प्लेटच्या खाली गेलेली होती. त्या जहाजाच्या रेडिओ लॉगमध्ये मात्र रोज ‘भाराविना २५.८, भारासह २५.२’ अशी नोंद होती, चार महिने, एकाच पेनाने.

तर तुम्ही आजच काय करायचं? बत्तीसाबला किंवा जो कोणी इलेक्ट्रिकल बघतो त्याला बरोबर घ्या. चार्जर बंद करा, पंधरा मिनिटं थांबा, व्होल्टेज लिहा. मग एमएफ/एचएफवर (मध्यम आणि लघु लहरींच्या सेटवर) भार टाका. हवेत ऊर्जा न सोडता करायचं असेल तर डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा कृत्रिम भार) लागेल. तो नसेल तर मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर काही सेकंदच, आपत्कालीन फ्रिक्वेन्सीवर कधीच नाही. भारासह व्होल्टेज २४ च्या आसपास टिकलं तर माझ्या मते ठीक, २३ च्या खाली घसरलं तर मी नव्या बॅटऱ्या मागवायला सांगतो. हा माझा सरावातला आडाखा आहे, नियमातला आकडा नव्हे. बॅटऱ्या पाणी घालायच्या असतील तर प्रत्येक सेलची घनता हायड्रोमीटरने घ्या. पूर्ण भरलेल्या सेलची १.२५० ते १.२८० च्या मधे यायला हवी, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा बराच मागे असेल तर सगळी बँक त्याच्या मागे जाते. सीलबंद बॅटऱ्यांना हे करता येत नाही, तिथे भाराची चाचणी हाच आधार.

क्षमतेचा हिशेबही मागतात. नियम असा की जहाजाचा आपत्कालीन जनरेटर सोलासच्या अटी पूर्ण करत असेल तर राखीव बॅटऱ्यांनी १ तास पुरवठा द्यायला हवा, नसेल तर ६ तास. गणित सोपं आहे: प्रक्षेपणाला लागणाऱ्या करंटच्या निम्मा, ग्रहणाला लागणारा पूर्ण, आणि जोडलेल्या बाकीच्या गोष्टींचा पूर्ण. नमुन्यादाखल, एमएफ/एचएफ प्रक्षेपण ३० अँपियर, त्याचे निम्मे १५. त्याचं ग्रहण ३. व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा सेट) प्रक्षेपण ६, निम्मे ३, ग्रहण १. सॅट-सी ३. रेडिओ टेबलावरचा दिवा आणि जीपीएस मिळून २. बेरीज २७. म्हणजे एका तासाला २७ अँपियर-तास, सहा तासांना १६२. मग २०० ची बॅटरी बसवली म्हणजे झालं, असं वाटतं. पण लेबलवरचे २०० हे दहा किंवा वीस तासांत हळूहळू काढले तर मिळतात. तासाभरात ओढून काढायला गेलात तर त्याच्या निम्म्याच्या आसपासच हाती लागतात. त्यात पाच वर्षं ऊन खाल्लेली बॅटरी! तुमच्या सेटचे खरे आकडे मॅन्युअलमध्ये आहेत, ते घालून एक कागद तयार करा आणि रेडिओ फाइलमध्ये लावा. क्षमतेची प्रत्यक्ष चाचणी बारा महिन्यांतून एकदा, जहाज समुद्रात नसताना करायची असते. गेल्या वर्षीची नोंद सापडत नसेल तर जयगडला धक्क्यावर असताना ती करायचं आधीच ठरवा, ऐन सर्व्हेत वेळ पुरणार नाही. संपलेल्या बॅटऱ्या चार्जरने दहा तासांच्या आत पुन्हा भरायला हव्यात, हेही त्याच वेळी बघून होतं.

शिवाय पुरवठा बदलून बघा. आधी मुख्य वीज तोडा, मग आपत्कालीन, आणि फक्त बॅटरीवर जीएमडीएसएस उभं राहतं का ते पाहा. यात एक बारीक खुबी आहे. सेट चालू राहतात, पण त्यांना जहाजाचं स्थान देणारा जीपीएस बॅटरीवर जोडलेलाच नसतो. मग डीएससीमधून (बटण दाबलं की आकडी हाक पाठवणाऱ्या यंत्रणेतून) आपत्संदेश जाईल तो तासांपूर्वीच्या स्थानासह. जीपीएस येत नसेल तर स्थान हाताने, जास्तीत जास्त चार-चार तासांनी भरायचं असतं. हे फार थोड्या जणांना माहीत असतं.

दुसरी गोष्ट नंबरांची. एमएमएसआय हा जहाजाची ओळख सांगणारा नऊ आकडी क्रमांक, भारतीय जहाजाचा ४१९ ने सुरू होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तो किती ठिकाणी भरलेला असतो? दोन्ही व्हीएचएफ, एमएफ/एचएफचा डीएससी, एआयएस (जहाजाची ओळख आणि स्थान आपोआप प्रसारित करणारा संच) आणि ईपर्ब. विकत घेतलेल्या जुन्या जहाजांवर हा घोळ हमखास सापडतो. एक जहाज आठवतं. परदेशी मालकाकडून घेतलेलं, मागच्या बाजूला नवं नाव आणि ‘मुंबई’ ताज्या रंगात. एआयएस बरोबर, पहिला व्हीएचएफ बरोबर, दुसऱ्या व्हीएचएफमध्ये जुनाच नंबर आणि ईपर्बही जुन्याच देशाचा. ते जहाज बुडालं असतं तर उपग्रहाने हाक पकडली असती, त्या दुसऱ्या देशातल्या केंद्राने नोंदवहीत बघून जुन्या मालकाला मध्यरात्री फोन केला असता, आणि त्याने झोपेतच सांगितलं असतं, ‘ती बोट आम्ही विकली.’ शोध सुरू व्हायला किती तास गेले असते, कोण जाणे.

तर प्रत्येक सेटच्या मेनूत जाऊन नंबर वाचा आणि जहाजाच्या रेडिओ परवान्याशी पडताळा. चुकीचा आढळला तर स्वतः बदलायला जाऊ नका. बहुतेक सेट एकदा भरलेला नंबर कुलूपबंद करतात, तो टेक्निशियनच बदलू शकतो. त्याला आधी कळवा म्हणजे तो योग्य ते सॉफ्टवेअर आणि केबल घेऊन येईल.

आता ईपर्ब, तुमची खरी डोकेदुखी.

आमच्या पिढीच्या मनात ईपर्ब म्हटलं की कैराली येतं. १९७९ च्या जूनअखेरीस मुरगाव बंदरातून लोहखनिज भरून ते जहाज निघालं. जुलैच्या सुरुवातीला संपर्क तुटला आणि त्यानंतर ना जहाज सापडलं ना माणसं. जहाजावर पन्नासच्या आसपास लोक होते. उपग्रहांची कोस्पस-सारसॅट यंत्रणा सुरू झाली १९८२ ला, आणि बुडत्या जहाजापासून आपोआप सुटून वर येणारा उपग्रही ईपर्ब सक्तीचा झाला १ ऑगस्ट १९९३ पासून. बोलायला कोणी उरलं नाही, कोणाला बटण दाबायला वेळ मिळाला नाही, तरीही हाक जावी, एवढ्यासाठी ती पिवळी वस्तू ब्रिजविंगवर टांगलेली असते. त्यात बॅटरी संपलेली असणं म्हणजे काय, ते वेगळं सांगत बसत नाही.

बॅटरीवरची तारीख उलटली तरी सेल्फ टेस्ट पास होईल. कारण सेल्फ टेस्टला क्षणभराची ऊर्जा लागते, आणि प्रत्यक्षात ईपर्बने ४८ तास प्रक्षेपण करायचं असतं. त्यामुळे ‘टेस्ट ओके आहे’ हे उत्तर सर्व्हेअर ऐकून घेणार नाही, आणि ऐकून घेऊही नये.

तुमच्याकडे दोन वाटा आहेत. पहिली, मान्यताप्राप्त सर्व्हिस स्टेशनकडून बॅटरी बदलून घेणं. तुमच्या ईपर्बची पाच वर्षांतून एकदा होणारी किनाऱ्यावरची देखभाल कधी झाली तेही बघा. जवळ आली असेल तर दोन्ही एकदमच उरका. मात्र ईपर्ब किनाऱ्यावर पाठवून जहाज तसंच पुढे काढायचं नाही. तेवढ्यापुरता दुसरा ईपर्ब बसवायचा आणि तो तुमच्या जहाजाच्या नंबराने प्रोग्रॅम केलेला हवा. दुसरी वाट, नवीन ईपर्ब घेणं. इथे ऑफिसच्या खरेदी विभागाला एक गोष्ट आवर्जून लिहा: १ जुलै २०२२ नंतर बसवला जाणारा ईपर्ब नव्या मानकाचा, म्हणजे आत जीपीएससारखा ग्रहणसंच आणि एआयएस सिग्नल असलेला लागतो. गोदामात पडून असलेला जुन्या धाटणीचा स्वस्त तुकडा कोणी गळ्यात मारला तर पैसे पाण्यात. नवा आला की त्याचं प्रोग्रॅमिंग, बंगळुरूला इस्रोच्या भारतीय मिशन कंट्रोल सेंटरकडे नोंदणी आणि फॉर्म आरमध्ये बदल, हे तिन्ही व्हायला हवं.

वेळेचंही बघा. लिथियम बॅटरी विमानाने पाठवायची तर ती धोकादायक मालात मोडते, कागदपत्रांना दिवस जातात. सर्व्हिस स्टेशन मुंबईत असेल तर तिथून जयगडला माल रस्त्याने येईल, आणि मुंबई-गोवा रस्त्याची कथा मी काय सांगणार! म्हणून म्हणालो, मेल आज.

नुसत्या बॅटरीवर थांबू नका. ईपर्बच्या कोशात हायड्रोस्टॅटिक रिलीज असतो, जहाज बुडालं की चार मीटरच्या आत तो कापून ईपर्ब मोकळा करतो. त्याचं आयुष्य दोन वर्षं, आणि बसवताना महिना-वर्ष त्याच्या लेबलवर आपणच खूण करायची असते. खूणच केलेली नाही असे रिलीज मी किती पाहिले असतील! मग तो कधीचा ते सिद्ध करता येत नाही, नवीन घालावा लागतो. आणि दोरी. ईपर्बची पातळ दोरी ही लाइफराफ्टला किंवा पाण्यातल्या माणसाला बांधण्यासाठी असते. सारंग (खलाशांचा मुकादम) मोठा व्यवस्थित माणूस, वाऱ्यात वस्तू हलू नये म्हणून तो ती दोरी रेलिंगला छान गाठ मारून टाकतो. जहाज बुडालं की ईपर्ब सुटतो आणि त्याच गाठीने जहाजाबरोबर खाली जातो. आत्ता विंगवर जाऊन बघून या.

टेक्निशियन चाचणी करताना ईपर्ब टेस्टरने आतला कोड वाचेल, ४०६ मेगाहर्ट्झचा सिग्नल आणि १२१.५ चा होमिंग सिग्नल तपासेल. तुम्ही उगाच लाइव्ह चालू करू नका. चुकून चालू झालाच तर गुपचूप बंद करून विसरू नका. बंद करा आणि लगेच मुंबईच्या एमआरसीसीला, म्हणजे तटरक्षक दलाला कळवा. चुकीबद्दल सहसा कोणी फार बोलत नाही, लपवल्याबद्दल बोलतात. आणि जुना ईपर्ब निकामी करायचा असेल तर बॅटरी काढल्याशिवाय भंगारात देऊ नका, भंगारवाल्याच्या आवारातून तो तुमच्या जहाजाच्या नावाने ओरडत बसेल.

सार्ट (शोधणाऱ्याच्या रडारवर खूण उमटवणारा संच) आणि लाइफबोटीचे हातातले व्हीएचएफ यांचं फार लांबण लावत नाही. तुमच्या आकाराच्या जहाजावर दोन सार्ट, तीन व्हीएचएफ. सार्ट एक्स-बँड रडारवर तपासा: बारा ठिपक्यांची रांग दिसते, फार जवळून बघितलं तर गोल कडी होतात. एआयएस-सार्ट असेल तर चाचणीचा संदेश आणि ९७० ने सुरू होणारा नंबर एआयएसवर दिसला पाहिजे. व्हीएचएफची सीलबंद आपत्कालीन बॅटरी मुदतीत आहे का आणि सील अखंड आहे का, एवढं पाहा. रोजच्या वापराची चार्जवाली बॅटरी त्या जागी चालत नाही. चाचणी चॅनल १६ सोडून दुसऱ्यावर.

एमएफ/एचएफचा अँटेना मात्र बघाच. बाहेरच्या ट्यूनरपासून वर जाणाऱ्या भागात पांढरे चिनी मातीचे किंवा प्लास्टिकचे इन्सुलेटर असतात. मीठ आणि फनेलची काजळी बसून त्यावर एक चिकट काळा थर होतो. कोळशाच्या जहाजावर तर विचारू नका. एकदा एका जहाजावर अँटेना ट्यूनच होईना, सगळे सेट उघडायला निघाले होते. मी एका कॅडेटला गोडं पाणी आणि फडकं देऊन इन्सुलेटर पुसायला लावले. दहा मिनिटांत ट्यून झाला. चढायच्या आधी सेट बंद करून त्यावर ‘चालू करू नये’ अशी पाटी लावायला विसरू नका. प्रक्षेपणाच्या वेळी तिथे जीव जाईल एवढं व्होल्टेज असतं. रडारही बंद. वर चढण्याचा परवाना भरलेला असू द्या.

व्हीएचएफवर टेक्निशियन वॉटमीटर लावेल, २५ वॉटच्या आसपास पॉवर आणि परत फिरणारी पॉवर किती ते बघेल. परत फिरणारी जास्त असेल तर बहुतेक वेळा वरच्या जोडात पाणी शिरलेलं असतं. सॅट-सीवर लिंक टेस्ट लावून प्रिंट काढून ठेवा. हिंदी महासागराच्या उपग्रहावर लॉग-इन आहे ना ते बघा. (एके काळी आपल्या जुन्नर तालुक्यातल्या आर्वीच्या स्टेशनमधून हे संदेश जायचे. नारायणगावच्या माणसाला सांगितलं की त्याचा ऊर भरून येतो.) नॅवटेक्सवर (किनाऱ्यावरून येणारे लेखी इशारे घेणाऱ्या संचावर) मुंबईचं ‘जी’ अक्षराचं स्टेशन चालू ठेवा आणि एखादा इशाऱ्याचा प्रकार कोणी बंद करून ठेवला नाही ना ते पाहा.

राहिला लॉग आणि राहिलात तुम्ही. लॉगमध्ये रोज डीएससीची अंतर्गत चाचणी आणि बॅटरीचं व्होल्टेज, आठवड्याला टेस्ट कॉल, महिन्याला ईपर्ब, सार्ट, हातातले व्हीएचएफ, अँटेना आणि बॅटऱ्यांची पाहणी. जुन्या कोऱ्या जागा आता भरत बसू नका. एका लॉगमध्ये मला ड्राय डॉकमधल्या पाच दिवसांचं व्होल्टेज सापडलं होतं, बॅटऱ्या तेव्हा वर्कशॉपमध्ये होत्या. त्यानंतर त्या जहाजावरचा एकही कागद मी न पडताळता मान्य केला नाही. ‘२१८७.५ वर टेस्ट कॉल, उत्तर नाही; संध्याकाळी पुन्हा प्रयत्न, उत्तर आलं’ अशी नोंद असेल तर मला तो लॉग खरा वाटतो.

सर्व्हेअर तुम्हाला, आणि बहुधा थर्ड ऑफिसरलाही, सेटसमोर उभं करेल. चुकून व्हीएचएफ डीएससीवरून आपत्संदेश गेला तर काय कराल? सेट बंद करतो, हे उत्तर अर्धवट. संदेश थांबवायचा आणि चॅनल १६ वर सर्व केंद्रांना उद्देशून, जहाजाचं नाव, एमएमएसआय, स्थान सांगून तो रद्द केल्याचं जाहीर करायचं. हे तोंडाने म्हणून बघा, दोनदा. दुसऱ्या जहाजाचा डीएससी आपत्संदेश आला तर लगेच डीएससीने पोच द्यायची का? नाही, आधी किनाऱ्यावरच्या केंद्राला द्यायला वाव द्यायचा आणि १६ वर ऐकत राहायचं. जीओसी (रेडिओ चालवण्याची परीक्षा) पास केलेली पोरं इथे अडखळतात, कारण परीक्षेनंतर कव्हर कोणी उघडलेलंच नसतं.

अडवतात का? अडवू शकतात. आपत्कालीन काम होत नसेल तर सर्व्हेअर शेरा देणार नाही, आणि पोर्ट स्टेट कंट्रोल जहाज थांबवू शकतं. पण सोलासमध्येच एक समजूतदार तरतूद आहे: सर्वसाधारण संपर्काचं एखादं उपकरण बिघडलं, बंदरात दुरुस्तीची सोय नाही, पण आपत्ती आणि सुरक्षिततेची सगळी कामं जहाज करू शकतं, तर तेवढ्यावरून जहाज समुद्रात जाण्यास अयोग्य ठरत नाही, त्याला उशीर करायचं कारणही नाही. ईपर्ब मात्र या सवलतीत बसत नाही. शिवाय बिघाड तुम्ही आधी कळवला, पार्ट मागवल्याचा मेल दाखवला, झेंड्याच्या प्रशासनाला लिहिलं असलं, तर बोलणं वेगळ्या पातळीवर होतं. बिघाड त्याने शोधून काढला तर पुढच्या तीन तासांत तो ब्रिजवरचा प्रत्येक स्क्रू बघेल. मीही तेच करतो.

थोडक्यात, या आठवड्यात ईपर्बचा मेल, बॅटऱ्यांची भाराची चाचणी आणि नंबरांची पडताळणी. पुढच्या आठवड्यात अँटेना, सार्ट आणि व्हीएचएफच्या तारखा, फाइल: परवाना, मागचा सर्व्हे अहवाल, देखभालीचा करार, ईपर्बची प्रमाणपत्रं, सगळ्यांची जीओसी, आणि आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) चालू आवृत्तीच्या याद्या. शेवटच्या आठवड्यात थर्ड ऑफिसरला घेऊन रोज वीस मिनिटं सेटसमोर. एआयएस आणि व्हीडीआरची (जहाजाच्या ब्लॅक बॉक्सची) वार्षिक चाचणी दुसऱ्या सर्टिफिकेटखाली येते, पण माणूस बहुधा तोच असतो. त्याच दिवशी उरकून घ्या, लाँचचा खर्च वाचेल.

ईपर्बचं मॉडेल, तुमच्या फॉर्म आरमधली देखभालीची पद्धत आणि बॅटऱ्यांच्या लेबलवरचे आकडे लिहून पाठवलेत, तर कुठली वाट स्वस्त पडेल आणि तुमचा तासांचा हिशेब जुळतो का, ते बघून सांगतो. जहाजाचं नाव लिहायची गरज नाही.